तळपायावरचा डाग

लटारूनं शकुबाईचा तळपाय मांडीवर घेतला, ओल्या फडक्यानं पुसला आणि उचललेलं पातं तसंच खाली ठेवलं.

आरमोरीच्या बाजारात तो वीस वर्षांपासून लोकांचे काटे आणि कुरूपं काढत होता. शकुबाईच्या टाचेजवळचं हे काळं मात्र कुरूप नव्हतं. एका अंगाला फिकट, दुसऱ्या अंगाला गडद, कडा वेड्यावाकड्या. दुखत नाही, पण दिवाळीपासून पसरलं, असं ती म्हणत होती. बिब्याचा डाग असेल, असा तिचा अंदाज. धानाचं रोवणं सुरू व्हायच्या आत खरडून टाका, एवढंच तिचं मागणं होतं.

“मी याले हात लावत नाई, बाई. दवाखान्यात दाखवा.”

“काऊन? सारं गाव तं तुमच्याकडंच येते.”

लटारूनं पातं दूर सरकवलं. मग त्यानं खालच्या आवाजात सांगितलं. त्याचा थोरला भाऊ झिंगू याच्या तळपायावर असाच डाग होता. कुरूप समजून लटारूनंच तो तीनदा कापला. तीनदा तो परत आला. त्यात दोन वर्षं गेली. जांघेत गाठ आली तेव्हा नागपूरला नेलं. चामडीचा कॅन्सर आहे, डाग लहान होता तेव्हाच आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. सहा महिन्यांत झिंगू गेला. डाग कोणी कापला होता, हे लटारूनं घरात कधीच सांगितलं नव्हतं.

शकुबाईनं हळूच पाय ओढून घेतला. दुसऱ्याच दिवशी ती मुलाला घेऊन गडचिरोलीला गेली.

यंदाचं रोवणं तिच्याशिवाय झालं. दीड महिन्यानं ती काठी टेकत बाजारात आली. तपासणीत कॅन्सरच निघाला होता, पण वरच्यावर होता, खोल गेला नव्हता. आजूबाजूच्या चामडीसकट काढला; पाय वाचला. आता दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं होतं. सांगताना तिचे डोळे भरून आले.

लटारूनं मान हलवली. सामान गुंडाळलं आणि बाजार भरात असतानाच तो झिंगूच्या घरी गेला. वहिनी, बायनाबाई, ओसरीवर तांदूळ पाखडत होती.

“वहिनी, भाऊचा डाग मीच कापला होता. तीनदा.”

सूप थांबलं नाही.

“मले मालूम आहे, भाऊजी. त्यायनंच सांगतलं होतं.”

“मंग इतके दिवस बोलली काऊन नाई?”

“त्यायनं मना केलं होतं. म्हणे, तू त्याले बोल लावशीन तं त्याचा हात हलन. मंग लोकायचे काटे कोन काढन?”

लटारू खाली बसला. बायनाबाईनं सूप त्याच्यापुढं सरकवलं. दोघं खडे वेचत राहिले.