मगरिबनंतरचा दिवस

मी लग्नाच्या हॉलचं जुनं पान बोलतोय. कागदाचं नव्हे, संगणकाच्या पडद्यावरचं. आता पडद्यावर मी नसतो. तिथे दुसरं पान असतं, आणि त्याच्याविषयी बोलताना माझा तोल सुटण्याची शक्यता आहे. सुटला तर सांभाळून घ्या.

सोलो शहरात ग्रिया मेलाती नावाचा हॉल आहे. त्याच्या कचेरीत आठ वर्षांपूर्वी पाक कुन्चोरोंनी, म्हणजे कुन्चोरोकाकांनी, मला लिहिलं. एका हाताने गोड चहा ढवळायचे, दुसऱ्या हाताने लिहायचे. मी कसा दिसावा हे त्यांनी माझ्यातच लिहिलं आणि मी काय हिशेब करावा तेही माझ्यातच. रेघ, रंग, मग कंसात चार ओळींचा हिशेब, पुन्हा रेघ. माझं सगळं माझ्या पोटात होतं. त्याचा मला अभिमान होता. तो रास्त होता की नाही, हे आजही नक्की सांगता येत नाही.

काम साधं होतं. वधूवरांची जन्मतारीख आणि वेळ घ्यायची, आणि आमच्याकडचा पाच दिवसांचा बाजार-आठवडा मोजून जन्माचा वार सांगायचा. लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. दोघांचे वार जुळले की लोक तारीख धरतात, नाही जुळले की उठून जातात. बु रुक्मी, म्हणजे रुक्मीबाई, ही कचेरी सांभाळते. येईल त्याला ती सांगायची, "आमचं मशीन चुकत नाही हो." मशीन म्हणजे मीच.

मग वेनिंग आली. पालेम्बांगची मुलगी, सोलोतल्या हनान्तोशी लग्न ठरलेलं, पाक कुन्चोरोंच्या हाताखाली कामाला. पहिल्याच दिवशी तिने मला उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"पाक, हे पान आहे की सोतोच्या रश्शाचं पातेलं? रंगात हिशेब, हिशेबात रंग!"

"चव तर आहे ना गं?" पाक म्हणाले.

"चव आहे, पण हाडं काढून काढून खायची!"

पाक हसले. त्यांनी हसायला नको होतं.

एक चूक माझ्याकडून झाली होती, ती लपवत नाही. बु रुक्मीला माझा निळा रंग बदलून झेंडूचा हवा होता. वेनिंगने रंग बदलला आणि हिशेबाचा एक कंस तिच्या हातून पुसला गेला. मी कोरा पडलो. समोर तीन कुटुंबं ताटकळत होती आणि मी पांढराफटक. सजावटीला हात लावला की हिशेब मोडावा, ही माझी घडणच. तिचं चुकलं म्हणावं, तर एवढी नाजूक जागा उघड्यावर ठेवली होती कुणी?

त्यावर वेनिंगने टॅग लायब्ररी आणली. टॅग म्हणजे खुणेचे शब्द. पानावर नुसती खूण लिहायची, हिशेब दुसरीकडे कुठेतरी गुपचूप होतो. त्या खुणांचं नवं पान तयार झालं. सडपातळ, नीटस, कुठे कंस नाही की घाम नाही. बु रुक्मीने त्याचा रंग स्वतः बदलला, दोनदा, आणि काहीच मोडलं नाही.

पाक कुन्चोरो ते पान कितीतरी वेळ बघत राहिले. "स्वच्छ आहे गं," ते म्हणाले. "मला हे आधी सुचायला हवं होतं."

मला लिहिणाऱ्याच्या तोंडचे ते शब्द. माझ्याकडे बघून ते 'चालेल' याच्यापुढे कधी गेले नव्हते. त्या दिवसापासून त्या पानाचा मला जो मत्सर वाटू लागला, तो वाटू नये म्हणून मी काय काय युक्तिवाद केले! नवं ते येणारच, म्हटलं. आपण थकलो, म्हटलं. एकही पटला नाही. महिन्याभरात पाक कुन्चोरो निवृत्त होऊन वोनोगिरीला गेले आणि मी जुन्या फायलींत.

त्यानंतर एका सकाळी हनान्तोची आई, बु सुदार्मी, क्लातेनहून हॉल ठरवायला आली. मी त्याच यंत्रात होतो, सगळं ऐकत होतो. तिने वेनिंगची जन्मतारीख सांगितली, संध्याकाळी पावणेसातची वेळही सांगितली. नव्या पानाने उत्तर दिलं, 'पाहिंग'.

बु सुदार्मीने पेन खाली ठेवलं. "माझा हनान्तो वागेचा. वागे आणि पाहिंग? नाही गं बाई. असा संसार टिकत नाही."

"आई, अहो, मशीनच ते," वेनिंग म्हणाली. "चुकत असेल."

"चुकतंय कसलं!" बु रुक्मी फणकारली. "आठ वर्षांत एकदा चुकलं नाही."

ती आठ वर्षं माझी होती! माझी पत, आणि खर्च करत होतं ते नवं पान.

बु सुदार्मी पिशवी घेऊन बाहेर बाकावर जाऊन बसली, हनान्तो न्यायला येईपर्यंत. वेनिंग पडद्यासमोरच राहिली. आणि मला सांगायला लाज वाटते, पण मी खूश झालो. म्हटलं, बघा आता तुमचं स्वच्छ पान. ती तीच तारीख पुन्हा पुन्हा भरून बघत होती ते मला दिसत होतं, तरी मी खूश होतो.

तिने पाक कुन्चोरोंना फोन लावला.

"पावणेसात?" पाक म्हणाले. "म्हणजे मगरिबची बांग होऊन गेलेली. मग दिवस पुढचा धरायचा, पोरी. सूर्य बुडाला की आपला दिवस बदलतो."

"पण हे लिहिलंय कुठे?"

"पानात होतं की. एक ओळ होती."

वेनिंग हळूच म्हणाली, "ती ओळ मी काढली, पाक. आमच्याकडे वार बघत नाहीत. तास बघून दिवस का वाढवलाय, कळेना. वाटलं, तुमचा हात घसरला असेल."

"माझंच चुकलं. शेजारी दोन शब्द लिहायला हवे होते. कुठे होती ते आता मला आठवत नाही. त्यालाच विचार."

"कुणाला?"

"जुन्या पानाला गं."

तिने मला उघडलं. चार महिन्यांनी पडद्याचा उजेड अंगावर आला. तिने तारीख भरली, वेळ भरली. त्या क्षणी मी लग्न अडवू शकलो असतो का? मनात आलं होतं. पण खोटं उत्तर देणं आमच्या जातीला जमत नाही, तेवढं एक बरं आहे. मी म्हणालो, 'पोन'.

बु रुक्मी छापलेला कागद घेऊन चपला न घालताच बाहेर धावली. बु सुदार्मीने तो लांब धरून वाचला.

"मग संध्याकाळची पोर म्हणजे पोनच की! वागेला पोन चालतो. आधी नाही का सांगायचं? मी वेळ दिली होती ना? उगीच मला उन्हात बसवलंत."

लग्न झालं, याच हॉलमध्ये. वेनिंगने माझी ती ओळ उचलली आणि एका नव्या खुणेत बसवली. आता नवं पान ती खूण लिहितं आणि बरोबर उत्तर देतं. खुणेला तिने पाक कुन्चोरोंचं नाव दिलं. देऊ दे. जे माझ्यात सगळ्यांत खरं होतं ते त्या नव्या पानाकडे गेलं आणि तिथे ते अधिक सुरक्षित आहे, हे मला समजतं. समजतं म्हणून सहन होतं, असं मात्र नाही.

परवा ती जुन्या फायली पुसत होती. माझ्यापाशी आली. यंत्राने विचारलं, नक्की पुसायचं? तिने थोडं थांबून 'नको' म्हटलं. ती दया असेल, तर वेनिंग, मला ती नको आहे. पण माझ्या पोटात न समजलेली आणखी एखादी ओळ आहे असं तुला वाटत असेल, तर ते दुसरं पान क्षणभर मीट. मला उघड, आणि या वेळी सगळं वाच.