'गो'चा भूतकाळ

सोजरबाईंनी माईकची दांडी आपल्या उंचीला येईल इतकी खाली सरकवायला घेतली, तर ती खर्रकन पार तळापर्यंत गेली. मागच्या रांगेतून हिंदुराव उठला. त्यानं दांडी वर ओढून चकती पिळली आणि जाता जाता म्हणाला,

"बोल गोडाबाई. दोनच मिनिटं हां, जेवण तयार हाय."

पहिल्या दोन रांगा हसल्या. हे नाव तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सेहेचाळीस वर्षांपूर्वी आठवीच्या एकाच वर्गात बसलेली ती माणसं. आता बहुतेकांना नातवंडं होती. नगर रस्त्यालगतचं हे मंगल कार्यालय हिंदुरावाचं स्वतःचं. जुन्या वर्गाला एकत्र आणायची कल्पनाही त्याचीच. समोरच्या सोफ्यावर त्यांचे इंग्रजीचे सर, दिगंबर खांबेटे, बसले होते. सत्काराची शाल त्यांनी घडी करून बाजूला ठेवली होती आणि काठी दोन्ही गुडघ्यांच्या मधे उभी धरली होती. मघाशी आभार मानताना ते म्हणाले होते, "इतक्या वर्षांनी तुम्हाला माझी आठवण झाली. म्हणजे एक तर मी बरा शिकवत होतो, नाहीतर तुम्हाला रविवारी दुसरं काम नसतं." त्यावरही सगळे हसले होते.

सोजरबाई त्या वेळी हसल्या नव्हत्या. त्या आपलं भाषण मनातल्या मनात म्हणत होत्या.

खांबेटे सर तेव्हा चोवीस वर्षांचे होते. पहिलीच नोकरी. रोज सकाळी पुण्याहून एसटीनं वाघोलीला यायचे, शर्टाला इस्त्री असायची. एका शुक्रवारी त्यांनी फळ्यावर क्रियापदं लिहिली. वॉकचं वॉक्ड, टॉकचं टॉक्ड. मग गो लिहिलं आणि त्याच्यापुढे वेंट. दुसऱ्या बाकावरची सोजर उभी राहिली. तिनं विचारलं, "सर, वॉकचं वॉक्ड व्हतं, तर गोचं गोड का नाय?"

सगळा वर्ग हसत सुटला. सरांनी फळ्यावरच्या वेंटकडे एकदा बघितलं. मग खडू ठेवत म्हणाले, "वा. इंग्लंडला कळवायला हवं. त्यांचं इतकी शतकं चुकत होतं, वाघोलीत दुरुस्त झालं." आणि थोडं थांबून, "गोड. फारच गोड."

शाळेतून घरी जाईपर्यंत तिचं नाव बदललं होतं. शनिवारी विहिरीवर, रविवारी देवळापाशी तेच. सोमवारी सोजर शाळेत गेली नाही. वडिलांनी, गेनबांनी, कारण विचारलं नाही. गोठ्यात गुरं होती, घरात कामाला हात हवाच होता. पुढे सतराव्या वर्षी संपतशी लग्न झालं. घरापासून चार शेतं सोडून सासर. म्हणजे नाव तिथंही आधीच पोचलेलं होतं.

गेल्या वर्षी हिंदुरावानं फोनवर जुन्या वर्गाचा ग्रुप काढला आणि लिहिलं, 'गोडाबाई येणार का?' खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. सोजरबाईंनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी सुनेला विचारलं.

"शेफाली, गोचं वेंट का व्हतं गं?"

शेफाली खराडीला एका कंपनीत होती. वर्षभर तीच सासूला संध्याकाळची इंग्रजी वाचायला शिकवत होती, सोसायटीच्या नोटिसा नि औषधांच्या चिठ्ठ्यांपासून सुरुवात करून. तिनं घास थांबवला.

"ते इर्रेग्युलर आहे, आई. त्याला रीझन नसतं. पाठ करायचं."

"कारण नाय असं कसं? कुणीतरी पहिल्यांदा म्हणलंच आसंल की."

शेफालीनं थोडा विचार केला. "आपण शोधू," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी ती सासूला शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयात घेऊन गेली. जाडजूड शब्दकोश तिथंच बसून वाचायचे होते. पहिले दोन शनिवार शेफाली बरोबर होती. तिसऱ्यापासून सोजरबाई एकट्याच बसनं जाऊ लागल्या. अक्षरावर बोट ठेवून वाचायचं, अडलेला शब्द वहीत उतरवायचा, रात्री सुनेला विचारायचा. एकेका ओळीला एकेक दुपार लागली. संपत दारात बसून त्यांना जाताना बघायचा. मेळाव्याची तारीख ठरली तेव्हा तो म्हणाला, "कशाला जातीस? पुन्यांदा हसतील."

"हसू दे," सोजरबाई म्हणाल्या. पण मेळाव्याच्या सकाळी त्यांनी साडी दोनदा बदलली, हे त्यानं पाहिलं आणि स्कूटर बाहेर काढली.

आता माईक तोंडासमोर होता.

"सर," सोजरबाई म्हणाल्या, "तुम्हाला आठवत नसंल. आठवीत मी एक प्रश्न इचारला व्हता. गोचा वेंट का व्हतो म्हणून."

पुन्हा हसू उसळलं. सरांनी मात्र मान वर केली.

"त्याचं उत्तर मला सापडलंय. तेवढंच सांगते. वेंट हा गोचा न्हाईच. इंग्रजीत एक जुना शब्द व्हता, वेंड. त्याचा अर्थ वळणं. पुढं त्याचा अर्थ झाला वाट धरणं, वाटेनं वळत वळत जाणं. आता तो कुणी फारसा वापरत नाय. पण त्याचा भूतकाळ व्हता वेंट. आन् गोला आपला येगळा भूतकाळ व्हता, तो लोकांच्या तोंडातनं गेला. मग गोनं वेंडचा उचलला."

"सोजर," हिंदुराव मागून म्हणाला, "जेवण गार..."

"हिंदुराव, खाली बस," खांबेटे सर मागे न बघता म्हणाले. साठीचा हिंदुराव खाली बसला.

"वेंडचा भूतकाळ गोकडं गेला, तवा वेंडला दुसरा लागला. तर त्यानं काय केलं? शेवटाला ईडी लावलं. वेंडेड. मी केलं व्हतं तसंच." सोजरबाई थांबल्या. त्यांच्या हातात वही होती, पण त्यांनी ती उघडली नव्हती.

हॉलमध्ये आता कुणी हसत नव्हतं. सर काठीवर भार देऊन उठले. कुणीतरी दुसरा माईक त्यांच्याकडे नेला. त्यांनी हातानंच नको म्हटलं.

"मला आठवतं," ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "चांगलं आठवतं. त्या दिवशी मला याचं उत्तर येत नव्हतं. येत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून टर उडवली. रविवारी मी पुण्यात शोधलं. जे आत्ता सोजरबाईंनी सांगितलं, ते सापडलं. सोमवारी सांगायचं म्हणून आलो, तर दुसऱ्या बाकावर जागा रिकामी. मंगळवारीही रिकामी." त्यांनी काठीवरची पकड बदलली. "घर शाळेपासून दहा मिनिटांवर होतं. जायला हवं होतं. गेलो नाही. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं प्रत्येक आठवीला मी हे शिकवलं. एका मुलीनं विचारलं होतं, असं सांगून शिकवलं. त्या मुलीला सोडून सगळ्यांना शिकवलं."

सगळे सोजरबाईंकडे बघू लागले. असू द्या सर, झालं गेलं, असं काहीतरी त्या म्हणतील, असं सगळ्यांना वाटलं असावं. सोजरबाई तसं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी सरांचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. पदराचं टोक एकदा बोटाभोवती गुंडाळलं, मग सोडलं.

"सर, बसा," त्या म्हणाल्या. "माझं अजून संपलं नाय."

सर बसले.

"इंग्लंडच्या वरच्या अंगाला डोंगराचा मुलूख हाय. स्कॉटलंड. तिथली माणसं इंग्रजीसारखंच बोलत्यात, पण त्यांचं बोलणं येगळं. आपण हाय म्हणतो, पुण्यात आहे म्हणत्यात, तसं. त्यांच्यात गेलो म्हणायचं तर वेंट म्हणत नव्हते. गोसारखाच त्यांचा शब्द, त्याला ईडी लावायचे. गेड. शेकडो वर्षं ती माणसं तसं बोलत्यात. शब्दकोशात छापलंय, मी बोट ठिवून वाचलंय. शेफालीकडनं दोनदा तपासून घेतलंय."

त्यांनी हॉलवरून नजर फिरवली. एकेक चेहरा ओळखीचा होता.

"म्हणजे माझं चुकलं नव्हतं. नुसता मुलूख चुकला व्हता."

आधी एकाच माणसाच्या टाळ्या ऐकू आल्या. मागे दाराशी संपत उभा होता. स्कूटर लावून तो निघून गेला असेल असं सोजरबाईंना वाटलं होतं. मग कांताबाईनं, शाळेत सोजरच्या शेजारी बसणारीनं, टाळ्या धरल्या आणि पाठोपाठ सगळा हॉल. हिंदुराव उभा राहून वाजवत होता. टाळ्या थांबेपर्यंत सोजरबाई माईकपाशी ताठ उभ्या होत्या. तोंडावर हसू आलं ते त्यांनी लपवलं नाही.

खांबेटे सरांनी खिशातून पेन काढलं. कागद नव्हता, म्हणून कार्यक्रमपत्रिका उलटी केली.

"हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "स्पेलिंग सांगा."

"जी, ए, ई, डी."

सरांनी लिहिलं. मग चष्मा वर करून, वाचून पाहिलं, पुन्हा एकदा सावकाश तोंडानं म्हटलं. "गेड."

"सोजे," कांताबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "मग आपलं गं? आपण जातो म्हणतो. पण काल म्हणलं की गेलो. जाचं गेलो कसं झालं? त्यात बी कुणाचं उचललंय का?"

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. लोक स्वतःशीच म्हणून बघू लागले, जातो, गेलो, जाते, गेले. जन्मभर बोलत आलेल्या त्या शब्दाकडे आजपर्यंत कुणी वळून पाहिलं नव्हतं. सोजरबाईंनी सरांकडे बघितलं. सर त्यांच्याकडेच बघत होते.

"मला माहीत नाही," खांबेटे सर म्हणाले. हे वाक्य या वर्गानं त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

"मलाबी नाय," सोजरबाई म्हणाल्या. "बघते."

मग सगळे जेवायला उठले. पंगतीत हिंदुरावानं सोजरबाईंच्या पानात स्वतः जिलबी वाढली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग नुसतंच, "सोजर, अजून एक घे," म्हणाला. निघताना खांबेटे सरांनी सोजरबाईंचा फोन नंबर पत्रिकेवर, त्या शब्दाच्या खाली, लिहून घेतला.

तीन आठवड्यांनी, सकाळी आठच्या सुमाराला फोन वाजला. सोजरबाई ओट्यापाशी होत्या. एक भाकरी तव्यावर होती, दुसरी हातावर. शेफालीनं फोन त्यांच्या कानाला लावून धरला.

"सोजरबाई, मी खांबेटे बोलतोय. सापडलं."

"काय सर?"

"जा आणि गेलो. कांताबाईंनी विचारलं होतं ते. तीन दिवस ग्रंथालयात बसलो होतो. आता या वयात डोळे लवकर दमतात, म्हणून वेळ लागला. पण सापडलं. आपल्याकडेही तीच गंमत आहे." सरांचा श्वास लागल्यासारखा वाटत होता. जिना चढून आल्यावर लागतो तसा. "लिहून घेता का?"

सोजरबाईंची वही ओट्याच्या कडेला, डब्यांना टेकून उघडीच होती. डावीकडच्या पानावर त्यांच्याच मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं: जा हा संस्कृतातल्या या पासून, गेला हा गम् पासून, दोन वेगळे धातू. खाली मागच्या आठवड्यातली बुधवारची तारीख होती. शेफालीनं ते पान बघितलं, मग सासूकडे बघितलं.

सोजरबाईंनी तव्याखालचा गॅस बंद केला. हाताचं पीठ झटकलं, फोन स्वतःच्या हातात घेतला आणि दुसऱ्या हातानं वही मिटून ठेवली.

"सांगा सर," त्या म्हणाल्या. "सावकाश सांगा. मी ऐकते."