नमुन्यासारखा बोल्ट मिळणार नाही

दुकानात बाई बसली असली की गिऱ्हाईक तिच्याकडे बघत नाही, तिच्या खांद्यावरून मागे बघतं. जणू मागच्या फळीवर एखादा पुरुष डब्यात भरून ठेवलाय! तुम्हीही बघितलं असेल कधीतरी. खरं सांगा.

बंगळूरच्या जे. सी. रोडवर चंद्रकांतचं नटबोल्टांचं दुकान. पंच्याण्णव साली चंद्रकांत गेला आणि महिन्याच्या आत त्याची बायको वासंती गल्ल्यावर बसली. सासू भागीरथीबाई शेजारी स्टुलावर. थोरले दीर श्रीधरराव चिकपेटेत कापड विकत. बोल्ट आणि खिळा यांतला फरक त्यांना विचारू नये. पण दर दोन दिवसांनी येऊन बजावायचे, "बाजार हसतोय. दुकान भाड्याने देऊन टाकू. वासंतीने घरी बसावं."

एका सोमवारी ते हेच सांगत उभे होते, तेवढ्यात मंजुनाथ आला. हौशी माणूस. परदेशी बनावटीची जुनी, लाल स्पोर्ट्स कार घेतलेली. रविवारी मद्रासला शर्यत. त्याने तुटका बोल्ट काढला आणि वासंतीच्या डोक्यावरून श्रीधररावांपुढे धरला.

"अण्णा, इंजिनाच्या फ्लायव्हीलचा बोल्ट. सहांतला एक तुटला. अगदी असाच द्या. स्वल्प लवकर."

श्रीधररावांनी भिंतीवरच्या, वडलांच्या हातच्या पाटीकडे बोट केलं: 'नमुना आणा, तसाच न्या.' "वासंती, डबा काढ."

वासंतीने बोल्टाच्या आट्यांवरून नख फिरवलं, डोक्यावरचा आकडा वाचला आणि बोल्ट परत ठेवला. "हा मिळणार नाही."

"म्हणजे? डबा भरलाय की!"

"डबा भरलाय, भावोजी. पण हा बोल्टच चुकीचा आहे. याच्यावर आठ-आठ लिहिलंय, आकडा जितका लहान तितकं पोलाद कच्चं. शर्यतीच्या इंजिनात इतका मऊ कोण घालतं? मंजुनाथण्णा, उरलेल्या पाचांतला एक काढून आणा. मग बोलू."

मंजुनाथ हसला. "अक्का, हा त्याच गाडीतून निघालाय. गाडीला माहीत नाही आणि तुम्हाला माहीत?"

"गाडीला माहीत होतं," वासंती म्हणाली, "म्हणून तर तुटला."

श्रीधररावांनी स्वतःच डब्याला हात घातला. वासंतीने झाकणावर तळवा दाबून धरला. "राहू द्या. फ्लायव्हीलचं ते जड चाक फिरताना सुटलं तर पत्रा फोडून बाहेर येतं. पाय यांचे जातील, भावोजी, तुमचे नाही."

"जा रे बाबा, घेऊन ये," भागीरथीबाई मंजुनाथला म्हणाल्या. "तुझं गॅरेज काय काशीला आहे?"

अर्ध्या तासात तो परत आला, चेहरा उतरलेला. वासंतीने दोन्ही बोल्ट शेजारी ठेवले. जाडी तीच, लांबी तीच, आटे तेच. पण दुसऱ्याच्या डोक्यावर दहा-नऊ!

"पाचही असेच आहेत," मंजुनाथ हळूच म्हणाला. "हा एकच कुणीतरी मधे घुसडला. अय्यो! मी रविवारी याच्या भरवशावर बसणार होतो. दहा-नऊचा द्या, अक्का."

"या मापात माझ्याकडे नाही. आणि हे एकदा ताणले गेले की पुन्हा वापरू नयेत, सहाही नवे घाला. मद्रासहून मागवते, शुक्रवारी या. थांबायचं नसेल तर दुसरीकडे घ्या, पण आकडा वाचून घ्या."

"सरी, अक्का, शुक्रवारीच येतो," म्हणत तो गेला. श्रीधरराव भडकले. "गिऱ्हाईक परत पाठवलंस! म्हणूनच म्हणतो, आपल्या घराण्यात बाई कधी गल्ल्यावर बसली नाही. आजोबांपासून असंच चालत आलंय!"

भागीरथीबाई उठल्या.

"श्रीधर, तो बोल्टसुद्धा गाडीत चालतच आला होता! म्हणून तो बरोबर होता का रे? तुझ्या वडलांकडे मिसळलेल्या मालाची पोती यायची. निवडायचं कोण? मी! स्वयंपाकघरात, सुपात घेऊन, तांदळातले खडे काढावे तसं. दुसरीपर्यंत शिकलेली मी, पण आकडे ओळखायचे मी आणि जाणकार म्हणून नाव त्यांचं. हिलाही मीच शिकवलं. तेव्हा मी तोंड उघडलं नाही, ती माझी चूक. तीच आता हिच्या गळ्यात बांधू? जमायचं नाही! दुकान भाड्याने द्यायचंय ना? आधी मला उचलून रस्त्यावर ठेव!"

श्रीधरराव चहा न घेताच गेले.

शुक्रवारी दुपारी ते पुन्हा आले. वासंती आत जेवत होती. ते गल्ल्यावर टेकले तोच मंजुनाथ हजर. मद्रासहून आलेलं पुडकं समोरच होतं.

"अण्णा, हेच ना माझे? द्या की तुम्हीच."

श्रीधररावांचा हात पुडक्यापर्यंत गेला. तिथेच थांबला.

"बसा जरा. अक्का जेवतायत. त्यांनी बघितल्याशिवाय इथून बोल्ट जात नाही."

एवढं बोलून ते उठले आणि गल्ल्याच्या बाहेर, गिऱ्हाइकाच्या बाजूला जाऊन उभे राहिले. वासंती पदराला हात पुसत आली, सहाही बोल्टांची डोकी एकेक करून वाचली, मगच पुडकं मंजुनाथच्या हातात दिलं. भिंतीवरची पाटी भागीरथीबाईंनी सोमवारीच उतरवली होती. आता तिच्यावर चहाचे पेले ठेवतात.

तेव्हा बंधूंनो, बायांनो, जुन्यासारखंच नवं बसवण्याआधी जुनं काय होतं ते तपासा. चूक तीन पिढ्या एका जागी बसली म्हणून तिची रीत होत नाही! आणि दुकानात बाई दिसली तर तिच्या खांद्यावरून मागे बघू नका. मागे नुसते डबे आहेत.