दादाचा पूल

माझ्याकडे बिघडलेला कॉम्प्युटर घेऊन येणारा प्रत्येक माणूस आधी शपथेवर सांगतो, "मी काहीच केलं नाही." मी ऐकून घेते आणि झाकण उघडते. दुरुस्तीच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर माझा माणसांवरचा विश्वास उडाला, यंत्रांवरचा तेवढा टिकला.

वहिनीचा फोन आला तेव्हा मी कुणाच्या तरी की-बोर्डातून बिस्किटाचा चुरा झटकत होते.

"अगं, यांच्या गेमचं चित्र गेलंय. काल टेबल पुसताना माझं लक्ष गेलं. आजच ये."

आजच का, ते मला माहीत होतं. दादाच्या नजरेचा मधला भाग हळूहळू विझत चालला होता. आधी बस चालवणं सुटलं, मग पेपर सुटला. डॉक्टरांनी हात टेकले होते. पण लहानपणी आम्ही दोघं खेळायचो तो गेम दादा अजून खेळायचा, आणि शेवटपर्यंत जायचा. "खेळतात म्हणजे दिसतंय," असं वहिनी म्हणायची, आणि मीही मान डोलवायचे. त्याच भरवशावर आम्ही त्याला रोज दुपारी मोठा रस्ता ओलांडून एकट्याला बसडेपोतल्या दोस्तांकडे जाऊ देत होतो. बुडत्याला काडीचा आधार.

तो गेम ज्या मशीनवर चालायचा ते कधीच भंगारात गेलं. आता एमुलेटर नावाचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरला त्या मशीनचं सोंग घ्यायला लावतो. दादाचा कॉम्प्युटर इतका म्हातारा, की सोंग घेतानाही त्याला धाप लागते. मी त्याला चांगला लॅपटॉप नेऊन दिला होता. "आवाज डब्यातून आल्यासारखा येतो," म्हणत त्यानं तो परत केला. चित्र बघायचं सोडून आवाजाची नाटकं कसली, म्हणून मी चांगली तणतणले होते.

जाऊन बघते तर पडद्यावर नुसतं निळं आभाळ. त्यात आमचा तो टोपीवाला शिपाई अधांतरी चालतोय. डोंगर नाही, नदी नाही, नदीवरचा पूलही नाही.

"दादा, कधीपासून असं आहे?"

"असं म्हणजे?"

"अरे, पूल कुठाय?"

"असेल की तिथंच," म्हणत त्यानं बटणं दाबली. शिपाई त्या नसलेल्या पुलावरून उड्या मारत पलीकडे पोचला.

"पूल दिसत नाही, मग गेलास कसा?"

"सवय आहे, ठिणगे."

मी हसले. लहानपणापासून माझ्या रागाला त्यानं ठेवलेलं ते नाव. आणि मी मुकाट्यानं पेचकस काढला, कारण आमच्या घरात काहीही बिघडलं की आधी यंत्राकडेच बोट जातं.

पडद्यावरचं चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड काढून त्याचे सोनेरी दात खोडरबरानं घासले. परत बसवलं. फरक नाही. कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, बदलला, तर पडदा पांढराफटक. तो काढून जुना घातला. रंग कमी केले, चकचकीतपणा बंद केला, कार्डाला शिव्या घातल्या. शेवटी कार्डाला बाजूला सारून चित्र काढायचं काम प्रोसेसरच्या गळ्यात मारलं.

आणि सगळं आलं. डोंगर आले, नदी आली, पुलाची फळी न् फळी आली. फक्त म्हाताऱ्या प्रोसेसरला ओझं झेपेना. गाणं रेंगाळायला लागलं, उडीचा आवाज उडी संपल्यावर यायला लागला. एवढं चालायचंच, असं मला वाटलं. खूप दिवसांनी मी खुश होते.

"बघ आता," मी म्हणाले.

दादा पहिल्याच खड्ड्यात पडला. दुसऱ्यांदाही तिथंच. मग नदीत. त्याची बोटं आवाजाची वाट बघत थबकत होती. शेवटचा जीव गेला आणि खेळ संपून पडदा काळा झाला.

"चित्र झकास आलंय," दादा म्हणाला. काळ्या पडद्याकडे तोंड करून.

माझ्या हातातला पेचकस मी खाली ठेवला.

"दादा, तुला किती दिसतं?"

"कडेनं थोडा उजेड."

"आणि गेम?"

"उडीचा आवाज आला की ताल धरायचा. पूल कुठं जाणारे? होता तिथंच असतो."

"आणि मोठा रस्ता?"

त्यानं बटणांवरची बोटं काढली. मग म्हणाला, "गाड्यांचाही आवाज येतोच की. हिला सांगू नकोस. ही मला घरात बसवेल."

मला राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. आम्ही दोघी त्या खेळाकडे बघून निर्धास्त झोपत होतो आणि तो रोज आवाजावर जीव सोपवून रस्ता ओलांडत होता. बिघाड सापडला होता. त्याचा सुटा भाग कुठल्याच दुकानात मिळत नव्हता.

मी सगळं पूर्वीसारखं केलं. पूल गेला, नदी गेली, आवाज जागेवर आला.

वहिनी दारात आली. "झालं का गं दुरुस्त?"

दादानं माझा हात दाबला. घट्ट. लहानपणी काच फुटल्यावर दाबायचा तसा. तेव्हा मी कधीच तोंड उघडलं नव्हतं.

"नाही झालं," मी म्हणाले. "वहिनी, उद्यापासून याला एकट्याला रस्त्यावर सोडू नकोस."

वहिनीनं का ते विचारलं नाही. तिनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा दादाकडे, आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

"चहाडखोर," दादा हळूच म्हणाला. माझा हात सोडून त्यानं खेळ पुन्हा पहिल्यापासून लावला. पडद्यावर पूल नव्हता. आम्ही दोघी डोळे फाडून बघत राहिलो, आणि तो पार गेला.