माळवस्ती, हजर

दर मंगळवारी दुपारी चारला मोशीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गजर वाजायचा. गजर मोबाइलचा, मोबाइल मधुसूदन जाधवर सरांचा, आणि सरांना जाऊन आता चार महिने झाले होते. रुक्मिणीबाई हातातलं काम टाकून यायच्या, पदराला हात पुसायच्या, चष्मा लावायच्या आणि ग्रुपवर आलेल्या निळ्या लिंकवर बोट ठेवायच्या. मग पडद्यावर काळे चौकोन उगवायचे. त्यातल्या एकात नाव असायचं: 'माळवस्ती_मधुसूदन सर'.

ज्यांच्या घरात शिक्षक नाही त्यांना व्हीसी म्हणजे काय ते सांगायला हवं. पूर्वी साहेब शाळेत यायचे, आता ते व्हिडिओ कॉन्फरन्सनं मोबाइलमध्ये येतात. जिल्हा तालुक्याकडे बघतो, तालुका शाळांकडे बघतो, आणि पोरं गुरुजींच्या मोबाइलकडे बघत बसतात. आधी हजेरी होते. तालुक्याचा कंत्राटी ऑपरेटर एकेक नाव वाचतो, आणि ज्याचं नाव घेतलं त्यानं चॅटमध्ये 'हजर' लिहायचं. त्यावरून पत्रक निघतं आणि पत्रक वर जातं. वर गेलेलं पत्रक तेवढं खरं, बाकी सगळी माया.

सरांच्या किडन्या गेल्या तेव्हापासून मंगळवारची दुपार डायलिसिसची. सकाळी चाकणच्या बाजूला माळवस्तीवर जाऊन पहिलीचा वर्ग घ्यायचा आणि दुपारी दवाखान्यात आडवं व्हायचं.

"अहो, रजा टाका की," रुक्मिणीबाई म्हणायच्या.

"एकोणतीस वर्षांत गैरहजर नाही मी. आता शेवटी शेवटी कशाला?"

एका हातात सुया, दुसऱ्या हातात मोबाइल. मग लिहिणार कशानं? म्हणून त्यांनी सातवी शिकलेल्या बायकोला शेजारी बसवून घेतलं. "हे बघ. ह, ज, र. काना नाही, मात्रा नाही. पहिलीतलं पोरगंसुद्धा लिहील." रुक्मिणीबाईंनी लिहिलं. सर इतके खूश झाले की नर्सला बोलावून दाखवलं.

ऑगस्टमध्ये सर गेले. दिवसकार्य झालं, बीडकडचे पाहुणे परत गेले. सुट्ट्यांमुळे मधली व्हीसी झाली नव्हती. पुढच्या मंगळवारी चारला गजर वाजला. हातानं सवयीनं लिंक उघडली. ऑपरेटरनं यादी वाचायला घेतली. "माळवस्ती. मधुसूदन सर?"

रुक्मिणीबाईंनी मोबाइल कानाशी नेला. चौदा दिवसांत ते नाव कुणाच्या तोंडून आलं नव्हतं. पाहुणे 'गेलेलं माणूस' म्हणत होते, शेजारी 'तुमचे मिस्टर' म्हणत होते, पत्रिकेवर 'कैलासवासी' छापलं होतं. त्यांना स्वतःला तर ते नाव घेताच येत नव्हतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, या वळणात त्या वाढलेल्या. जन्मात एकदाच घेतलं होतं, लग्नात, उंबरठ्यावर, नणंदांनी अडवलं तेव्हा:

फळ्यावर खडूनं अक्षरं झाली गोळा,
मधुसूदनरावांच्या घरी भरली माझी शाळा.

त्यानंतर अठ्ठावीस वर्षं 'अहो' आणि 'सर'. आणि आता हा कोण कुठला पोरगा ते नाव मोठ्यानं घेत होता, तेही हाक मारल्यासारखं, जणू माणूस आहे आणि ओ देणार आहे. त्यांच्या बोटांनी लिहिलं: हजर. "हजर," ऑपरेटर म्हणाला आणि पुढच्या शाळेवर गेला. रुक्मिणीबाई तोंडात पदर कोंबून रडल्या.

तेव्हापासून आठवडा त्या एका हाकेवर निघू लागला. हे बरोबर नाही हे त्यांना कळत होतं. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि त्या काडीनं कुणाचं काय बिघडतंय?

बिघडत होतं. ते डिसेंबरात कळलं, तनुजा घरी आली तेव्हा.

तनुजा माळवस्तीवरची दुसरी शिक्षिका, सत्तावीस वर्षांची. सर गेल्यापासून चार वर्ग एकटीच्या गळ्यात. ती तालुक्याच्या कचेरीतून थेट आली होती, चेहरा उन्हानं आणि रागानं लाल.

"काकू, चार महिने झाले, बदली शिक्षक देईनात. आज विचारलं तर म्हणतात, माळवस्तीला दोन शिक्षक कार्यरत आहेत. मी म्हटलं, अहो, सर वारले, दाखला दिलाय. तर म्हणतात, दाखला खालच्या टेबलावर असेल, आमच्याकडे पत्रक आहे. सर दर व्हीसीला हजर आहेत! मला पत्रक दाखवलं काकू. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. सगळीकडे हजर. पद रिक्त दाखवल्याशिवाय माणूस देता येत नाही म्हणे."

रुक्मिणीबाईंच्या हातातली चहाची गाळणी तशीच राहिली.

"मग ते... व्हीसीला तू नसतीस व्हय?"

"लिंक सरांच्याच नंबरवर जाते. माझा नंबर घाला म्हणून दोन अर्ज दिलेत. सरकारी काम आणि सहा महिने थांब. कॉम्प्युटरचीच काहीतरी चूक असणार. जुनं नाव पुढं ओढत असेल."

रुक्मिणीबाईंनी गाळणी नीट धरली. चहा गाळला, कप पुढे ठेवला. तोंडाशी आलेलं त्यांनी गिळलं, आणि त्याची लाज त्यांना त्या क्षणीच वाटली.

"माझं काही नाही, मी ओढीन," तनुजा म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "पण पहिली सर स्वतः घ्यायचे ना. त्या पोरांचे आईबाप कंपनीत, शिफ्टला. घरी कोण शिकवणार? मी पहिलीला रंगवायला कागद देते आणि चौथीला शिकवायला घेते. परवा एक पोरगी कागद घेऊन आली. स्वरूपा नाव तिचं. म्हणाली, मॅडम, रंग संपले. आज तरी शिकवा ना. काकू, डिसेंबर आलाय, आणि तिला 'घर' वाचता येत नाही."

काना नाही, मात्रा नाही. रुक्मिणीबाईंनी मान खाली घातली.

तनुजा गेली. पुढच्या मंगळवारपर्यंतचे पाच दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. आधी वाटलं, लिंकच उघडायची नाही. पण मग सर गैरहजर लागतील. एकोणतीस वर्षांत जे झालं नाही ते आपल्या हातून होईल, वर त्यांच्या नावानं खुलाशाची नोटीस निघेल, आणि पद तरी रिकामं कुठं होणार? नाही, सांगायलाच हवं. तोंडानं नको, लिहून सांगू. तनुजानं वापरलेला शब्द त्यांनी लक्षात ठेवला होता.

मंगळवारी चारला गजर वाजला. काळे चौकोन उगवले. "माळवस्ती. मधुसूदन सर?"

ती हाक त्यांनी पुरती कानात भरून घेतली. मग लिहायला लागल्या. रि. क. त. जोडाक्षर काही जुळेना. क वेगळा पडायचा, त वेगळा पडायचा. मोबाइलवर जोडाक्षर कसं काढायचं ते सरांनी शिकवलंच नव्हतं. तिथवर यायच्या आधीच शाळा सुटली होती. शेवटी होतं तसंच पाठवलं.

"माळवस्ती... 'रिकत'? हे काय आहे सर? माईक चालू करून बोला."

त्यांनी लाल माईकवर बोट ठेवलं. "सर न्हाईत," त्या म्हणाल्या.

"रजेवर आहेत का?"

"न्हाई. गेले."

"कुठे गेले? बदली झाली?"

कुणीतरी हसलं, कुणाचा तरी माईक चालू राहिला असेल. गेलेल्या माणसाबद्दल बोलायला आपल्याकडे किती मऊ शब्द आहेत, आणि त्यातला एकही पत्रकात बसत नाही!

"ताई, वेळ जातोय. नीट सांगा. पूर्ण नाव सांगा, मला नोंद करायचीय."

रुक्मिणीबाईंनी पदर डोक्यावर घेतला. का घेतला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"मधुसूदन," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "मधुसूदन जाधवर. वारले. ऑगस्टात वारले. आजवर ते हजर मीच लिहीत व्हते, सायेब. तेन्ची काय चूक न्हाई, मशीनचीबी न्हाई. जागा रिकामी हाय. लेकरं तशीच बसून हायेत. माणूस द्या."

नव्वद शाळा ऐकत होत्या. मघाशी हसलेला माईक चटकन बंद झाला. मग, ऑपरेटरला जेवढं येत होतं तेवढं तो म्हणाला, "माळवस्ती. एक पद रिक्त. नोंद घेतली, ताई." आणि पुढच्या शाळेचं नाव वाचलं.

संध्याकाळी मोबाइलवर ओळ आली, ग्रुपमधून काढल्याची.

जानेवारीत तनुजाचा फोन आला. माळवस्तीवर गुरुजी रुजू झाले होते आणि त्यांनी पहिली घेतली होती. "काकू, तुमचं व्हीसीतलं कळलं..." असं म्हणून ती थांबली, आणि रुक्मिणीबाईंनी तिला घरी जेवायला बोलावलं.

त्या मंगळवारी चारला गजर वाजला. तो बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. रुक्मिणीबाई हात पुसत आल्या, चष्मा लावला, खुर्चीत बसल्या. पडदा कोरा होता. हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, आणि घेऊ नये ते नाव तर एकदा तोंडातून सुटलंच होतं.

"मधुसूदन सर?" त्यांनी हजेरी घेतली.

शेवटच्या बाकावरचं पोर ओ द्यायला वेळ लावतं, म्हणून बाई थांबतात, तशा त्या थांबल्या. बऱ्याच वेळानं गजर आपोआप बंद झाला. मग त्यांनी स्वतःच हळूच सांगितलं, "गैरहजर," आणि उठून भाताला कुकर लावला.