तळहातावरचे दोन वेढे

आमचं तळं विस्कॉन्सिनच्या उत्तरेला आहे. धरण बांधलं तेव्हा जंगल तोडलं आणि बुंधे तसेच पाण्याखाली ठेवले. त्यात मस्की राहतो. कमरेइतका लांब मासा, जबडा म्हणजे करवत. माझा बाप, ॲल्विन कुबियाक, त्याला भुलवायला गळावर लावायचे देवदाराचे खोटे मासे कोरायचा. एकेकाला दोन दिवस. बहात्तराव्या वर्षी बापाकडे उजव्या हाताचं ते कसब सोडलं तर काही उरलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मस्कीनं बापाच्या गळाची तंगूस, ती नायलॉनची दोरी, तीनदा तोडली. तीन खोटे मासे गेले.

मी म्हटलं, "बाबा, तंगूस फेका. विणलेली दोरी घ्या. अजिबात ताणत नाही. पुढे गळाशी पोलादी तारेचा तुकडा, लीडर, लावतो, दातांनी तुटायचं नाव नाही."

"हा तर शिवणकामाचा दोरा. तुझ्या आईला लागला असता."

"आईनं त्यानं तुमचं तोंड शिवलं असतं."

हसला. म्हणून मी रिळावर दोरी भरली.

दुकानदारानं मला दोन गोष्टी बजावल्या होत्या. लीडर दोरीपेक्षा थोडा कच्चा घे, तुटायचं तर तिथं तुटू दे. आणि गळ अडकला तर दोरी हाताला गुंडाळायची नाही, दांडक्याला गुंडाळून ओढायची. पहिली मी ऐकली नाही. दुसरी बापाला सांगितली नाही. साठ वर्षं मासे मारणाऱ्याला दोरी धरायला शिकवायची माझी टाप नव्हती.

ऑक्टोबरात, भर दुपारी, आम्ही दोघं होडीत असताना खोटा मासा बुंध्यात रुतला. बापानं जन्मभर केलं तेच केलं. तळहातावर दोन वेढे घेतले आणि ओढलं. तंगूस असती तर ताणली असती, तुटली असती; ही ना ताणली, ना तुटली. तेवढ्यात वाऱ्यानं होडी मागे रेटली. मी सुरी शोधून दोरी कापेपर्यंत त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं हाडापर्यंत चिरली होती.

इस्पितळात ती काढून टाकावी लागली.

"कशानं झालं?" डॉक्टरनं विचारलं.

"कोरताना पटाशी सटकली," बाप म्हणाला. दोरीनं हात कापून घेतला हे सांगायची त्याला लाज वाटली.

शुक्रवारी सगळे बारमध्ये तळलेला मासा खायला जमले. बापाचा जुना दोस्त मर्ल माझ्या पाठीत थाप मारून म्हणाला, "ड्वेन, तुझी ती दोरी मीही भरून घेतली. लीडर पण तोच! काय चीज आहे!"

"अडकली तर काय करणार, मर्लकाका?"

"काय करणार? हाताला गुंडाळायची आणि खेचायची. तुझ्या बापासारखी पटाशी थोडीच धरलीय हातात!"

टेबल हसलं. मी बापाकडे पाहिलं. तो बशीकडे बघत राहिला. त्यानं खरं सांगावं म्हणून मी वाट पाहिली, पुरेशी पाहिली. मग मीच बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आधी माझं पाप सांगितलं, मग त्याचं खोटं.

बाप उठला. एका हातानं कोट चढवायला त्याला फार वेळ लागला. मी मदतीला गेलो.

"हात लावू नकोस," म्हणाला.

त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. न बोलू दे. मर्लची दहाही बोटं जागेवर आहेत.