अभिमनच्या खांद्याचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना चामडी पट्टा आहे. धुळ्याच्या अन्वर जीनगराने १९५३ साली घोड्याच्या खोगिराचं उरलेलं कातडं कापून मला शिवलं, ते देवपूरच्या अभिमन पहिलवानाच्या उजव्या खांद्यासाठी. त्या हिवाळ्यात त्याचा खांदा दोनदा निखळला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, की सहा आठवडे हात छातीशी बांधायचा, मग हळूहळू व्यायाम, आणि कुस्ती थेट पुढच्या साली.

पण जत्रांचा हंगाम म्हणजे पहिलवानाची सुगी. गावोगाव फड रंगत होते आणि हा गडी माझ्या कैदेत. खरं तर मीही त्याच्याच कैदेत होतो. रात्रंदिवस त्याच्या घामात भिजायचं आणि वर त्याच्या शिव्या खायच्या. त्याची आई भिकुबाई तेवढी मायेनं माझं बक्कल पुसायची. तरी तो हट्टी खांदा मला आवडू लागला होता, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या आठवड्यात दुखणं थांबलं. तालमीचे वस्ताद उखर्डूनाना आले, खांदा चाचपला आणि म्हणाले, "हाड बसनं ना? मंग पट्टा कसाले? परवा धरणगावनी जत्रा शे."

डॉक्टर नको म्हणतात, असं अभिमन पुटपुटला. पण वस्तादांचा शब्द कोण मोडणार?

मातीत पट्टा चालत नाही. धरणगावला मला सोडून बाभळीच्या फांदीला टांगलं. तिथून नुसतं बघत राहणं एवढंच माझ्या हाती होतं. मला फार भीती वाटली.

अभिमन शहाणपणानं लढला. उजवा हात अंगाशी धरून पायांवर खेळला आणि टांग मारून समोरच्या गड्याला चीत केलं. मी हुश्श म्हणणार, तोच पंचांनी रिवाजाप्रमाणे विजेत्याचा उजवा हात धरून झटक्यात उंच केला. त्यांना खांद्याचं कुणी सांगितलंच नव्हतं.

खांदा निसटला, आणि पुन्हा कधी नीट टिकला नाही.

नानांनी मला फांदीवरून काढून त्याचा हात पुन्हा छातीशी बांधला. "चूक मनी शे, पोरा," दोष स्वतःवर घेत एवढंच ते म्हणाले.

आता अभिमन त्याच तालमीचा वस्ताद आहे. कुणाचा खांदा उतरला, की तो डाव्या हाताने आणि दातांनी माझं बक्कल आवळतो. मित्रांनो, दुखणं थांबलं म्हणजे खांदा बरा झाला असं समजू नका. मला हव्या तेवढ्या शिव्या द्या, पण दिवस पुरे भरू द्या. माझी कैद सहा आठवड्यांची असते. अभिमनला मात्र डोक्यावर तांब्याभर पाणी घ्यायलाही अजून डावा हातच लागतो.